निळ्या कानाची मांजर आणि शेंगांचं पोतं

कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी, बेंगळुरातल्या बसवनगुडीत शेंगांची जत्रा भरते त्या दिवशी, सकाळी दूधवाला येऊन गेल्यानंतर आणि मिलचा भोंगा व्हायच्या आधी, आमच्या समाजाच्या छत्रात राहणाऱ्या एका पांढऱ्या मांजरीला पोत्यात घालून नेण्यात आलं. तिच्या कुशीत ताजे टाके होते. माळ्यावर तिची तीन पिल्लं होती, डोळे नुकतेच उघडलेली.

‘नेण्यात आलं’ असं मी लिहिलं, ते खोडते. कॉलेजात असल्यापासून मी पत्रकं लिहिते आहे, आणि पत्रक लिहिणाऱ्यानं कोणी केलं ते आधी सांगावं. मांजरीला पोत्यात घालायला छत्राच्या कारभाऱ्यांनी सांगितलं. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणते, मीही म्हणते. आंघोळ केल्याशिवाय पाणी न पिणारा, भिकाऱ्याला कधी रिकाम्या हातानं न पाठवणारा माणूस. मला राग येतो तो याचाच. कोणी गुंडानं केलं असतं तर मी इतकं लिहायला बसले नसते.

छत्र म्हणजे आमच्याकडचं कार्यालय. आमचे लोक तीनशे वर्षांमागे बेंगळुरात आले, कापड रंगवायला आणि शिवायला. तेव्हापासून पेटेतल्या, म्हणजे जुन्या बाजारपेठेतल्या, याच गल्ल्यांत आहोत, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड. लग्न, मुंज, बारसं, तेरावं, सगळं छत्रात होतं. मागं मोठं स्वयंपाकघर, त्याला लागून तांदळाची कोठी. कोठी म्हटली की उंदीर आले, म्हणून मांजरं हवीत. पण मांजरीला पिल्लं होतात, आणि ती मात्र कोणाला नकोत.

मग काय करायचं? मांजर मारली तर सोन्याची मांजर करून काशीला दान द्यावी लागते, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. म्हणून मारत कोणी नाही. सोडून येतात. लग्नसराई संपली की छत्रातून एक पोतं निघतं, जटक्यात, म्हणजे घोडागाडीत, जटकावाल्याच्या पायाशी बसतं आणि लांब कुठंतरी रिकामं होतं. ‘पिल्लांचं काय झालं हो?’ विचारलं तर उत्तर ठरलेलं. ‘सोडून आलो गं.’ आवाज असा, की जणू माहेरी पोचवून आले.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात असं एक पोतं मी हलताना पाहिलं. आतून आवाज येत होता, आणि त्याच्याच शेजारी उभ्या राहून बायका आहेरातल्या साड्यांचे काठ बघत होत्या. मी ओरडले. आईनं मला दंडाला धरून बाहेर नेलं. ‘कार्यात शोभा करू नकोस.’ शोभा मी करत होते!

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. कंटोन्मेंटात एक म्हातारे जनावरांचे डॉक्टर होते. सगळी नोकरी लष्कराच्या घोड्यांवर गेली होती, आता बंगल्यामागच्या आउटहाऊसमध्ये लोकांचे कुत्रे बघायचे. मी जाऊन सरळ विचारलं, मांजरीचं पिल्लं होण्याचं ऑपरेशन बंद... म्हणजे, पिल्लं बंद होण्याचं ऑपरेशन करता का? घाईनं जीभ वळत नव्हती. ते हसले नाहीत. म्हणाले, ‘करतो. पण धरून तू आणायची. घोडा लाथ मारतो ते आधी कळतं, मांजरीचं कळत नाही.’

तर धरायला मी, आणि रंगवायला अक्का. अक्का म्हणजे माझी थोरली आत्या. घरच्याच हौदावर रेशमाला रंग देते, तिचे हात कोपरापर्यंत कधी जांभळे, कधी हिरवे. रंगवायचं कारण असं. एकदा आम्ही एकच करडी मांजर दोनदा टेबलावर चढवली. डॉक्टरांनी पोट उघडलं, आत काहीच नाही, आधीच काढलेलं. त्यांनी मला असं झापलं की मी घरी येऊन रडले. अक्का म्हणाली, ‘रडतेस काय? खूण कर की. केस म्हणजे रेशमासारखेच, आंबट पाण्यात रंग धरतात.’ तेव्हापासून मांजर ईथरच्या गुंगीत असतानाच अक्का उजव्या कानाच्या टोकाला कापसाच्या बोळ्यानं निळा रंग लावायची. पक्का रंग, कित्येक आठवडे हलायचा नाही. निळा कान म्हणजे हिचं झालं, हिला पुन्हा धरायचं नाही, हिला आता कोणाचा त्रास नाही.

असं आम्हाला वाटत होतं.

मांजर धरायला पाटी उपडी करून खाली काठी लावायची, काठीला सुतळी, आत सुकी मासळी. मी कोठीमागं सुतळी धरून बसायची तेव्हा येणारे-जाणारे बोलायचे. ‘काय गं, तुला स्थळ मिळेना म्हणून बोका पकडतेस?’ त्या वर्षी शहरातल्या भिंतींवर कुटुंबनियोजनाचे लाल त्रिकोण नुकते उमटायला लागले होते, त्यामुळे टोमण्यांना तोटाच नव्हता. ‘आज मांजरं, उद्या आमच्या सुना! सरकार तुला किती देतं?’ मी मराठीत आणि कन्नडमध्ये पत्रक काढलं, ‘पिल्लं पोत्यात घालू नका, आई आमच्याकडे आणा’, आणि छत्राच्या फळ्यावर लावलं. तिसऱ्या दिवशी बारशाचे लाडू घरी आले ते त्याच पत्रकात बांधलेले. अण्णांचा काटकसरीवर फार विश्वास.

पांढरी मांजर सगळ्यांत अवघड. तीन पावसाळे मी तिला बघत होते, आणि तीन पावसाळे तिची पिल्लं पोत्यातून गेली होती. ती पाटीखाली यायचीच नाही. छत्रात तिला जवळ जाऊ देणारं एकच माणूस होतं, अण्णांची धाकटी सून. ती धारवाडकडची, नवी लग्न होऊन आलेली, आणि छत्राच्याच वरच्या दोन खोल्यांत त्यांचं बिऱ्हाड. ती मागच्या पायरीवर बसून दहीभात खायची आणि शेवटचा घास मांजरीला ठेवायची. मी तिला विचारलं तेव्हा तिला सातवा लागत होता. म्हणाली, ‘धरून देते. पण पिल्लं अंगावर पितात, त्यांचं काय?’

मी डॉक्टरांना तेच विचारलं. त्यांनी पोटाखालून न चिरता कुशीतून चिरलं, म्हणजे पिल्लांना प्यायला अडचण नको. कुशीवर हातभर नाही, दोन बोटं केस भादरले, टाके घातले. अक्कानं कान निळा केला. संध्याकाळी मी तिला माळ्यावर नेऊन ठेवली. तिनं पिल्लं हुंगली, आडवी झाली, आणि तिन्ही चिकटली. मी आणि ती सून शिडीच्या खाली उभ्या राहून ऐकत होतो. चपचप, चपचप. या वेळी पोतं निघणार नव्हतं. ही तिची शेवटची पिल्लं होती, आणि ती तिच्याजवळच मोठी होणार होती. एवढंच मला हवं होतं. फार होतं का?

पुढच्या सोमवारी त्या सुनेचं डोहाळजेवण होतं, छत्रातच. मी दुपारी गेले. हॉलमध्ये झोपाळ्याला केळीचे खुंट आणि झेंडू बांधलेले, हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, केसांत फुलांची जाळी. बायकांचा कलकलाट. आणि त्या कलकलाटाच्या वर, स्वयंपाकघराच्या माळ्यावरून, पिल्लं ओरडत होती. दूध पिणारी पिल्लं आई असताना तसं ओरडत नाहीत.

मी माळ्यावर चढले. मांजर नाही. खाली आले. आचाऱ्याला विचारलं. ‘गेली असेल कुठं, मांजरच ती.’ वाढप्याला विचारलं. त्यानं कढईकडे बघितलं. सगळे कढईकडे, नाहीतर छताकडे बघत होते.

त्याच वेळी आचाऱ्यानं एक पोतं ओतलं. शेंगा. जत्रेच्या दिवशी बेंगळुरात शेंगा घरी आल्या नाहीत असं होत नाही, आणि पाहुण्यांना मिठाच्या पाण्यात उकडून द्यायच्या म्हणून अण्णांनी जटका पाठवून आणवल्या होत्या. शेंगा परातीत पडल्या आणि मला वास आला. भिऊन मुतलेल्या मांजरीचा वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. मी पोतं उलटं केलं. शिवणीत पांढऱ्या केसांचा पुंजका अडकला होता. त्यातले काही केस निळे.

जाताना मांजर, येताना शेंगा. फेरी वाया जायला नको. मी म्हटलं ना, काटकसर.

मी पोतं तसंच हातात धरून अंगणात गेले. अण्णा काळी टोपी, बंद गळ्याचा कोट घालून जावयांना पानाचं ताट फिरवत होते.

‘अण्णा, मांजर कुठंय?’

‘हळू बोल. घरात कार्य आहे.’

‘मांजर कुठंय?’

‘सोडली.’ पान पुढं करत म्हणाले. ‘अगं, सातवा लागलेली पोर झोपाळ्यावर बसायची, आणि समोरून ती कूस चिरलेली, वांझ केलेली मांजर आडवी जायची? चार बायका काय म्हणतील? एरवी एवढ्या मांजरांत चिरलेली कोणती ते आम्हाला तरी कुठं कळलं असतं! तुम्हीच निळी खूण करून ठेवली, बरं झालं.’

मला वाटलं कोणीतरी माझ्याच पत्रकानं माझं तोंड पुसलं.

‘टाके ओले आहेत तिचे. पिल्लं दूध पितायत. कुठं सोडली?’

‘जयनगरात. मोकळी हवा आहे.’ मग जावयांकडे वळून, ‘नशीबवान म्हणायची. आम्ही अर्ज करून करून दमलो, तिला जयनगरात घर बांधायला फुकट साइट मिळाली.’

जावई हसले. पान तोंडात असल्यामुळे तोंड वर करून हसले.

मी ओरडायला लागले. काय काय बोलले ते मला नीट आठवत नाही आणि आठवलं तरी मागं घेणार नाही. आई आतून धावत आली, बायका दारात गोळा झाल्या. अण्णा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. ‘मारली नाही ना? सोडली. मारली असती तर बोल.’

आत कोणीतरी आवाज चढवून वेळ सावरायला बघितलं. ‘चला गं चला, ओटी भरा! विचारा तिला, काय खावंसं वाटतंय, कसले डोहाळे लागलेत?’ आमच्याकडे हे विचारण्याची रीतच आहे. ती लाजून काहीतरी सांगते, चिंच, बर्फी, म्हैसूरपाक, आणि ते आधीच पानात वाढलेलं असतं. मागितलेलं मिळालं नाही तर बाळाला बाधतं म्हणतात, म्हणून काही चुकू देत नाहीत.

झोपाळ्यावरून ती म्हणाली, ‘मला ती मांजर पाहिजे.’

कोणीतरी हसलं. मग कोणी हसलं नाही.

‘असलं काय बोलतेस? चिरोटे आणलेत तुझ्यासाठी.’ ही सासू.

‘तुम्ही विचारलंत ना? मी सांगितलं. मला ती पांढरी मांजर पाहिजे. ती आल्याशिवाय मी घास उचलणार नाही.’ एका हातानं तिनं झोपाळ्याची साखळी घट्ट धरलेली मला दारातून दिसत होती. ‘माझ्यासाठी तिला काढली म्हणे. मला कोणी विचारलं?’

 माळ्यावरची पिल्लं सगळ्यांना ऐकू आली.

एक म्हातारी, अण्णांचीच मावशी, भिंतीला टेकून बसली होती. तिनं फैसला दिला. ‘डोहाळा तो डोहाळा. चिंचेचा असो नाहीतर मांजरीचा. आणा जा.’

त्या हिरव्या साडीतल्या पोरीला मी कुठल्याही सभेत भाषण करताना ऐकलं नाही, आणि मी इतकी पत्रकं लिहून जे हललं नाही ते तिनं झोपाळ्यावर बसून हलवलं. याचाही मला राग आहे. मांजरीच्या टाक्यांनी माणूस हलत नाही, पिल्लांच्या ओरडण्यानं हलत नाही. होणाऱ्या नातवाला बाधेल म्हटल्यावर टोपी सरळ करून जटक्यात बसतो.

जटक्यात अण्णा, मी आणि जटकावाला. बसवनगुडीत रस्ताभर शेंगांचे ढीग, माणसांची गर्दी, घोडा पावलापावलाला थांबत होता. अण्णा माझ्याशी बोलत नव्हते. जयनगरची नवी घरं मागं पडली, मग नुसते चौकोन आखलेले मोकळे प्लॉट आणि हद्दीचे पांढरे दगड, मग नाचणीचं शेत, आणि शेताच्या कडेला खडीची जुनी खाण. जटकावाला उतरला आणि त्यानं चाबकानं दाखवलं. ‘हीच अण्णा, आपली नेहमीची जागा.’

अण्णा तिथं कधी आले नव्हते. इतकी वर्षं पोती पाठवली, जागा बघितली नव्हती.

मी वाकून बघितलं. खाली कुत्री हिंडत होती. खडीत इथंतिथं लहान लहान कवट्या, लिंबाएवढ्या. चिमटीत मावतील असे जबडे. जुन्या पोत्याच्या चिंध्या. एका चिंधीशी वाळलेलं काहीतरी होतं त्याचं शेपूट अजून शेपूट असल्याचं कळत होतं. एकाही मांजरीला कोणी मारलं नव्हतं. सगळ्यांना सोडलं होतं.

अण्णांनीही बघितलं. बराच वेळ बघितलं. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, ‘कुत्र्यांचं काम.’

ती तिथं नव्हती. आम्ही शोधत राहिलो. दगडांतून फिरताना अण्णा बारीक आवाजात ‘मन्या, मन्या’ करत होते. मांजरीला मन्या! ती मादी आहे एवढंसुद्धा त्यांच्या ध्यानात राहिलं नव्हतं, आणि कूस चिरली म्हणून तिला हाकललं होतं. दिवे लागायच्या सुमाराला रस्त्याकडेच्या सिमेंटच्या पाइपमध्ये निळा कान दिसला. जिवंत होती. टाके उसवले होते, कुशीची भादरलेली जागा मातीनं आणि रक्तानं माखलेली. मी पाइपात खांद्यापर्यंत हात घातला. तिनं मला चावून काढलं. चाव म्हटलं, चाव.

‘घाल यात,’ अण्णा म्हणाले. त्यांनी तेच पोतं बरोबर आणलं होतं.

मी तिला पदरात गुंडाळली. पोतं मी खाणीत फेकलं. ‘चांगलं होतं की गं ते,’ अण्णा म्हणाले.

छत्रात पानं मांडलेली तशीच होती. ती झोपाळ्यावरून उठली, मांजरीच्या डोक्याला हात लावला, आणि मग पानावर बसली. बायकांनी सुस्कारे टाकले, वाढपे धावले, चिरोट्यांवर दूध पडलं. उकडलेल्या शेंगाही सगळ्यांनी खाल्ल्या. मी पिल्लं आणि मांजर घेऊन घरी गेले. डॉक्टर आले, कंदिलाशी वाकून जखम धुतली, पुन्हा टाके घातले. तिनं त्याही अवस्थेत पिल्लांना घेतलं. पण घाण आत गेली होती. ताप चढला, दूध आटलं, डॉक्टरांची इंजेक्शनं पुरली नाहीत. त्याच आठवड्यात, आमच्या हौदाशेजारी, अक्काच्या जुन्या लुगड्यावर ती मेली. अक्का रंगाचे हात तसेच घेऊन तिच्याजवळ बसून होती. आम्ही वातीनं गाईचं दूध पाजून दोन पिल्लं वाचवली. एक नाही वाचलं.

मी अण्णांकडे गेले. मला त्यांना क्षमा मागायला लावायची नव्हती. मला एवढंच वदवून घ्यायचं होतं की यापुढे पोतं निघणार नाही. त्यांनी मला बसायला पाट दिला. सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले:

‘हे बघ. आमच्या हातून ती जिवंत गेली, जिवंत परत आली. मेली तुमच्या घरी. म्हणजे दोष कोणाला? सोन्याची मांजर द्यायची तर तुझ्या वडिलांनी द्यावी. मी सांगू का त्यांना? स्वल्प बारीक केली तरी चालते.’

ते चेष्टा करत नव्हते. हे लक्षात घ्या. माणूस मनापासून बोलत होता.

आणि आता, लग्नाकार्यात, अण्णा ही गोष्ट सांगतात. सुनेचा डोहाळा पुरवायला या वयात दगडाधोंड्यांतून कसे हिंडले, जत्रेच्या गर्दीतून जटका कसा नेला, मांजर कशी शोधून काढली. ऐकणारे माना डोलावतात. सासरा असावा तर असा! गोष्टीत खाण नसते. पोतं नसतं. मांजर मेल्याचं नसतं. सून वाढत असते, ऐकते, आणि आमटीचं भांडं जरा आपटून ठेवते. तिच्या मुलीच्या पाळण्याखाली वाचलेल्या दोन पिल्लांमधलं एक झोपतं. मोठं झाल्यावर ती स्वतः त्याला टोपलीत घालून डॉक्टरांकडे घेऊन आली होती. ‘कान जरा गडद रंगवा अक्का,’ म्हणाली, ‘लांबून दिसू दे.’

पोतं अजून निघतं. आमच्या छत्रातून कमी, कारण सून दारात उभी असते. पण शेजारच्या रेशमाच्या वखारीतून निघतं, हॉटेलातून निघतं, शिकलेल्या माणसांच्या घरांतून निघतं, आणि ती पोती सोडणारे सगळे भले लोक आहेत, पाप नको असलेले.

हे वाचणारे तुम्ही पुण्यात असाल, बेळगावात असाल, आमच्याच गल्लीत असाल. तुमच्या घरात, निदान चाळीतल्या बिऱ्हाडांत, कोणीतरी सांगितलं असेल, पिल्लं सोडून आलो. तुम्ही ‘बरं’ म्हणाला असाल. आता बरं म्हणू नका. कुठं सोडली ते विचारा, आणि सांगितलं तरी तेवढ्यावर त्याला जाऊ देऊ नका. चपला घाला, त्याला बरोबर घ्या, म्हणा, चल, मला ती जागा दाखव. तिथं उभे राहा आणि खाली बघा. पुढचं पोतं निघायच्या आत जा. आजच जा.